‘सशासाठी खास’ म्हणून कुत्र्याचा ब्रश गळ्यात मारला

सोलापुरात ज्यांच्या घरी अंगोरा किंवा तसल्याच लांब केसांचा ससा आहे, त्यांनी ‘रॅबिट ग्रूमिंग किट’ घेण्याआधी हे वाचावं. खोक्यावर सशाचं चित्र आहे म्हणून आतला माल सशाचा असेल असं समजू नका. आमच्याकडे त्या चित्राखालून कुत्र्याचं सामान निघालं आणि त्याचा त्रास एका मुक्या जिवाला झाला.

आमचा गोंडा इंग्लिश अंगोरा जातीचा आहे. कानांच्या टोकांनासुद्धा झुबके आहेत. या जातीच्या अंगावर जवळजवळ सगळी लोकरच असते. ती दर तीन-चार महिन्यांनी सुटते, आणि वेळच्या वेळी विंचरून काढली नाही तर काखेत, पोटाखाली, कानामागे जटा बनतात. म्हणून मी दुकानात रुंद दातांची स्टीलची फणी मागितली. काउंटरवरच्या माणसाने ती दाखवलीच नाही. ‘ताई, फणीनं काय होतंय? हा पूर्ण किट घ्या की. इम्पोर्टेड आहे, फक्त सशांसाठीच बनवलाय. महिन्याभरात केस गळायचे बंद होतील बघा.’ किंमत 1,850 रुपये. आत एक तारांचा ब्रश, एक पात्याचं हत्यार, टोकदार कात्री आणि ‘पोटातले केस विरघळवणारी’ पेस्ट. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर ‘पेट साहित्य’ एवढंच लिहून दिलं आणि खाली शिक्का मारला : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

घरी मांडीवर टर्किश टॉवेल पसरून गोंड्याला बसवलं आणि खोक्यावरच्या चित्रात दाखवलंय तसंच ते पातं कुशीवरून हलक्या हाताने फिरवलं. पहिल्या खेपेला भरपूर लोकर निघाली. दुसऱ्या खेपेला तो अंग चोरून दचकला. लोकर बाजूला सारून पाहिलं तर कातडीवर बारीक लाल रेघा उठलेल्या, आणि एका ठिकाणी कातडी सोलून ओलसर झालेली. त्या संध्याकाळी त्याने गवताला तोंड लावलं नाही. ससा बारा तास खात नसेल तर थांबायचं नसतं, त्याचं आतडं बंद पडू लागतं. आम्ही रात्रीच डॉक्टरांकडे पळालो. उपचार वेळेवर मिळाले, तो वाचला.

डॉक्टरांनी ते पातं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, ‘हे कुत्र्याचं आहे.’ जाड वरच्या केसांखाली मऊ थर असलेल्या कुत्र्यांचा तो आतला थर ओढून काढायला ही पाती बनवतात. अंगोराला तसे दोन वेगळे थर नसल्यासारखेच, त्यामुळे पातं चांगली लोकरच कापतं, आणि तुटलेली आखूड टोकं पुन्हा एकमेकांत अडकून आणखी जटा होतात. त्यात सशाची कातडी फार पातळ. जट ओढली की कातडी तिच्यासोबत वर उचलली जाते, मग टोकदार कात्रीने जट कापायला गेलं की कातडीच कापली जाते.

दुसऱ्या दिवशी मी खोकं उजेडात धरलं. सशाच्या चित्राची एक कड किंचित सुटली होती. नखाने सोलली तर चित्र म्हणजे नुसतं स्टिकर! खाली छापलेलं होतं ‘फॉर डॉग्ज’, आणि कमाल किंमत 499 रुपये. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, ग्राहक सेवेचा नंबर, सगळं त्याच स्टिकरखाली झाकलेलं.

पेस्टचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तिच्या भरवशावर कुणी गवत कमी करेल. मांजर केसांचा गोळा ओकून टाकतं, सशाला उलटीच करता येत नाही. चाटताना पोटात गेलेली लोकर पुढे सरकते ती भरपूर सुकं गवत खाल्लं तरच. पपई-अननसाच्या अर्काने केस विरघळतात असं बाटलीवर लिहिलं होतं. केस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचे असतात, त्या अर्काने ते विरघळत नाहीत.

आता आमच्याकडे गोलसर टोकांची, अर्धी रुंद आणि अर्धी बारीक दातांची स्टीलची फणी आहे. ती एवढी स्वस्त मिळाली की त्या किटचा राग पुन्हा उसळला. तारांचा ब्रश वाईटच असतो असं नाही, पण तारा मऊ हव्यात. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा, ओरखडा उठला तर सशाला लावू नका. जट आधी बोटांनी हळूहळू सोडवायची. अंघोळ घालून जट सुटते असंही एकाने मला सांगितलं होतं. तसलं काही करू नका, भिजल्याच्या धसक्याने ससा दगावू शकतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा ही लोकर विंचरत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून किंवा जाणकाराकडून आखूड करून घेणंच बरं.

दुकानदाराने माल परत घ्यायला साफ नकार दिला, शिक्क्याकडे बोट दाखवलं. त्या शिक्क्याला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नाकारणं या दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर माल परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरतात. छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवणं हा वेगळा गुन्हा, त्याची तक्रार वैधमापनशास्त्र कार्यालयात करायची, ज्याला लोक अजून वजन-मापे खातं म्हणतात. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

मी तक्रार दिल्यावर दुकानदाराचा फोन आला : अर्धे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. तेच खोकं त्याच्या शोकेसमध्ये अजून लावलेलं आहे, आणि शाळांना सुट्टी लागली की मुलांसाठी ससे घेणारे तिथेच जातात. माझ्याकडे खोकं, सोललेलं स्टिकर, चिठ्ठी आणि यूपीआयची नोंद जपून ठेवलेली आहे. तुम्हालाही असाच किट मिळाला असेल तर खोकं फेकू नका, स्टिकरची कड उचकटून त्याचे फोटो काढा आणि स्वतंत्र तक्रार नोंदवा.