गजकर्ण, इसब, खरूज की सोरायसिस? ट्यूब घेण्याआधी चट्टा नीट बघा

जांघेत किंवा कमरेला लाल चट्टा उठला, खाज सुटली, की बहुतेक जण आधी मेडिकलच्या काउंटरवर जातात. ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. अशा मिश्र ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं तगडं स्टेरॉइड असं सगळं एकत्र असतं. खाज थांबवतं ते स्टेरॉइड. चट्टा इसबाचा असेल तर ते किमान योग्य दिशेचं तरी ठरतं. गजकर्णाचा असेल तर त्या जागची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी मोकाट पसरते. त्वचेवर लावायची स्टेरॉइडं २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. म्हणून ट्यूब कोणती हा प्रश्न नंतरचा, आधी चट्टा कशाचा ते ठरवायचं.

गजकर्ण आणि इसब: सगळ्यात जास्त गल्लत इथेच

गजकर्ण किंवा नायटा कडेने वाढतो. कड उठलेली, लालसर, बारीक पुळ्या आणि कोंडा असलेली. मधली जागा मात्र निवळत आलेली. जांघ, नितंब, काखा, स्तनांखालची घडी, पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी बसते ती जागा, म्हणजे जिथे घाम साचतो तिथे तो होतो. बऱ्याचदा घरात आणखी कुणाला तरी तसंच असतं.

इसबाला अशी ठसठशीत कड नसते. चट्टा मध्यापासून कडेपर्यंत सारखाच आणि शेवटी आजूबाजूच्या कातडीत विरून जाणारा. सुरुवातीला त्यातून पाणी झिरपतं, खपली धरते; जुना झाला की कातडी जाड, काळपट, रेघारेघांची होते. लहानपणापासून कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत येत असेल, घरात कुणाला दमा किंवा सततच्या शिंका असतील, तर इसबाचा संशय पक्का होतो.

हा फरक नेहमी इतका स्वच्छ दिसत नाही. इसबाचा एक प्रकार नाण्यासारखा गोल असतो आणि त्याला सर्रास गजकर्ण समजलं जातं. उलट, महिनाभर स्टेरॉइड चोळलेल्या गजकर्णाची कड पुसली जाते, वर्तुळात वर्तुळं दिसू लागतात, आणि अनुभवी डोळाही चकतो. अशा वेळी केओएच तपासणी करावी. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने खरवडून काचेवर घेतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि १०-२० मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशी असेल तर फांद्या फुटलेले धागे दिसतात. एवढी सोपी तपासणी चुकते ती दोन कारणांनी: कोंडा मधल्या निवळलेल्या भागातून घेतला जातो, किंवा आदल्या रात्रीपर्यंत बुरशीचं मलम लावलेलं असतं. म्हणून दाखवायला जाण्याआधी काही दिवस त्या जागेला मलम, पावडर, तेल काहीच लावू नका. बुरशी वाढवून बघण्याच्या कल्चरला दोन ते चार आठवडे लागतात. औषध लागू पडत नसेल तेव्हाच ते करण्यात अर्थ असतो.

उपचारात दोघांच्या वाटा अगदी उलट आहेत.

गजकर्णात स्टेरॉइड पूर्ण वर्ज्य. लुलिकोनॅझोलसारखं साधं बुरशीनाशक मलम चट्ट्याच्या बाहेर साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि डाग निवळल्यावरही दोन आठवडे सुरू ठेवायचं. चट्टे पसरलेले असतील तर गोळ्या लागतात. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशी भारतात आता बरीच आढळते, त्यामुळे डॉक्टर अनेकदा इट्राकोनॅझोल देतात, आणि कोर्स दोन आठवड्यांत आटोपत नाही. चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त चालतो. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची, कारण ती शोषली जायला पोटातलं आम्ल लागतं. सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी आणि दुपारी ही कॅप्सूल, असं अनेकांचं चालतं आणि मग ‘औषध लागूच पडत नाही’ अशी तक्रार येते. हृदय कमजोर असेल, यकृताचा त्रास असेल किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

नाशिकच्या पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. तीच ओलसर जीन्स चढवून बाइकवर सातपूरचा कारखाना गाठायचा म्हणजे बुरशीला घर करून देणं. आतले कपडे उलटे करून वाळवा, शिवणीवरून कडक इस्त्री फिरवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरात ज्याला-ज्याला चट्टा आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी करा. एक जण राहिला तर आजार घरातच फिरत राहतो.

इसबात मात्र स्टेरॉइड मलम हेच मुख्य औषध आहे, आणि त्याला घाबरून अर्धवट लावणं हीही चूकच. मापासाठी बोटाचं पेर वापरा: तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, पापण्या, जांघ इथे सौम्य मलम किंवा टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम. तळहात-तळपायाच्या जाड कातडीला तगडं, पण ठरलेल्या दिवसांपुरतंच. याच्या जोडीला, आणि अनेकांच्या बाबतीत याहून महत्त्वाचं, मॉइश्चरायझर. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत अंगभर इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला पाव किलोच्या घरात मॉइश्चरायझर लागतं. म्हणून महागड्या छोट्या बाटलीपेक्षा पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा परवडतो आणि कामही करतो.

हाताला, चेहऱ्याला इसब असेल तर आधी कामाची जागा बघा

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे रसायन कातडी जाळतं. हातमोजे घातले तरी मोज्याला बारीक छिद्र पडलं की द्रावण आत साचतं, घामात कोंडतं, आणि उघड्या हातापेक्षा जास्त इजा होते. दर काही ओळींनंतर मोजे तपासा, फाटला की लगेच बदला, लागलेली जागा वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. या कामाच्या आगेमागे दारू घेतली तर चेहरा लालबुंद होणं, छाती धडधडणं, रक्तदाब उतरणं असा गंभीर त्रास होऊ शकतो. मजुरांना हे काम लावण्याआधीच सांगायला हवं. कातडीचं हे भाजणं बहुधा अ‍ॅलर्जी नव्हे, थेट इजा असते, त्यामुळे इथे आधी अ‍ॅलर्जीच्या तपासण्या करत बसू नये.

गाजरगवताची मात्र खरी अ‍ॅलर्जी असते. बांधावर, पडीक रानात वाढणाऱ्या या गवताचे वाळके कण हवेतून उडतात आणि चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर इसब येतं. उन्हाच्या अ‍ॅलर्जीतही उघडेच भाग लाल होतात, म्हणून गल्लत होते. आरसा घेऊन तीन जागा बघा: पापण्यांची घडी, कानामागची जागा, हनुवटीखालची सावली. ऊन तिथे पोचत नाही, उडते कण पोचतात. या जागाही लाल असतील तर गाजरगवताचा संशय बळावतो.

गवंड्याच्या हाताला सिमेंटमधलं क्रोमेट, सातपूर-अंबडच्या मशीनवर कूलंट आणि कटिंग ऑइल, बाईच्या कानाला-मनगटाला खोट्या दागिन्यातलं निकेल: कारण शोधायचं ते पॅच टेस्टने. पाठीवर छोट्या कपांत संशयित पदार्थ ठरलेल्या प्रमाणात ठेवून पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. एवढं पाळणं ज्यांना जमत नाही त्यांचीच टेस्ट बहुधा फसते. ऐन उन्हाळ्यापेक्षा थंडीत केलेली बरी.

याऐवजी रक्ताची मोठी ‘अ‍ॅलर्जी प्रोफाइल’ करून घेणारे बरेच जण आहेत. स्पर्शाने होणाऱ्या इसबात तिचा उपयोग नाही. ती रक्तातलं आयजीई हे अ‍ॅलर्जीचं एक प्रतिद्रव्य मोजते आणि ही अ‍ॅलर्जी आयजीईमुळे होतच नाही. वर अहवालात वांगी, शेंगदाणे, दूध अशी यादी येते आणि माणूस उगाच ताटातले पदार्थ कमी करतो.

खरूज

गोल चट्टा नाही, बारीक पुळ्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, जननेंद्रियांवर. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते, आणि घरातले दोघे-तिघे खाजवत असतात. एवढ्यावरच निदान बहुधा होतं. उपचारही सरळ आहे, पण अर्धवट केला तर फुकट जातो. परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, खाजत नाही तिथेही, नखांखालीसुद्धा लावायचं. मोठ्या माणसाला सुमारे ३० ग्रॅम. रात्री लावून ८ ते १२ तासांनी धुवायचं. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सात दिवसांनी दुसरी फेरी. घरातल्या सगळ्यांनी त्याच रात्री, खाज नसलेल्यांनीही, कारण पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायलाच चार-सहा आठवडे जातात. गेल्या तीन दिवसांतले कपडे-चादरी कढत पाण्यात धुवा; जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून निदान तीन दिवस बाजूला ठेवा. आयव्हरमेक्टिन गोळी वजनावर देतात; गरोदर बाई आणि १५ किलोंच्या आतलं मूल यांना ती देत नाहीत.

उपचारानंतर खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मेलेल्या किड्यांवर शरीराची ती प्रतिक्रिया असते. दर चार दिवसांनी पुन्हा परमेथ्रिन लावलं तर कातडी भाजून नवंच इसब उभं राहतं.

सोरायसिस

कोपर, गुडघे, टाळू, कंबर. जाड, चंदेरी पापुद्रे, कड रेखीव, नखांवर सुई टोचल्यासारखे खड्डे. संसर्गजन्य नाही, ताट-टॉवेल वेगळं करू नका. शंका असेल तर ३-४ मिलिमीटरचा तुकडा काढून बायोप्सी करतात.

मलम, प्रकाशोपचार की गोळ्या, हे आजाराच्या पसाऱ्यावर आणि तुमच्या सोयीवर ठरतं. अरुंद पट्ट्याचे यूव्हीबी (अतिनील) किरण परिणामकारक आणि बरेच सुरक्षित असतात, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने यावं लागतं. नाशिक शहरात कॉलेज रोडला राहणाऱ्याला ते सहज जमतं. दूरच्या सुरगाणा-पेठहून येणाऱ्याचा एसटीतच दिवस जातो, त्याला मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी गोळी जास्त व्यवहार्य, रक्ततपासण्या वेळेवर होणार असतील तर. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जीवघेणी ठरते. वार ठरवा आणि तो पाकिटावर ठळक लिहा. सोरायसिसवर स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन, अथवा घटक न लिहिलेली पुडी घेऊ नका. ते थांबवताच अंगभर पू भरलेल्या पुळ्या उठू शकतात.

न खाजणारा डाग

फिकट डागावर कापसाचा बोळा फिरवा, डोळे मिटून. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, कोर्स ६ किंवा १२ महिन्यांचा, आणि लवकर सुरू केला तर हातापायाच्या नसा वाचतात. छाती-पाठीवर बारीक कोंड्याचे फिकट ठिपके बहुधा शिबं असतात; दुधासारखा पांढरा, स्पर्श शाबूत असलेला डाग कोडाचा.

दाखवायला जाताना

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, आडगावचं मेडिकल कॉलेज किंवा खासगी त्वचारोगतज्ज्ञ, कुठेही जा. पदवी त्वचारोगातलीच आहे ना ते पाटीवर बघून घ्या. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, रिकामी असली तरी, सोबत न्या. चट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हाचा मोबाइलमधला फोटो असेल तर तोही दाखवा, कारण स्टेरॉइडने पुसलेली कड त्या फोटोतच सापडते. नवीन गोळी सुरू केल्यावर अंगावर फोड आले, तोंड-डोळे सोलवटले आणि ताप भरला, तर मात्र ओपीडीची वाट बघू नका. गोळी थांबवा, तिचं पाकीट घ्या आणि थेट इमर्जन्सी गाठा.