मिरामारच्या शर्यतीआधी विकलं गेलेलं डिस्क व्हील

२०१९ साली मिरामारला आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली आणि पणजी, फोंडा, मडगावकडे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं याची तयारी करणारे वाढले. शर्यत महिन्यावर आली की यातल्या बऱ्याच जणांना एकच गोष्ट हवी असते: खोल रिमचं, नाहीतर थेट डिस्कचं, म्हणजे स्पोकऐवजी सगळं भरीव असलेलं, मागचं चाक. नवीन चांगलं डिस्क लाखाच्या पुढे जातं, म्हणून नजर सेकंड हँडकडे वळते. फसवणारे याच घाईची वाट बघत असतात.

फोंड्याच्या एका नवख्या ट्रायथलीटला ७२,००० रुपयांना गळ्यात मारलेलं चाक इथं उलगडून दाखवतो, कारण त्यातली प्रत्येक खोट पैसे देण्याआधी दिसण्यासारखी होती.

जाहिरातीत ‘झिप सुपर-९, फक्त दोन शर्यती, चाळीस वॅट वाचतात’ असं होतं. झिप ही चाकांची कंपनी, सुपर-९ तिचं डिस्क. विकणाऱ्याचा फोन आला, “बाब, मुंबईचं गिऱ्हाईक उद्या येतंय. आज टोकन टाकलंत तर तुमच्यासाठी ठेवतो.” २०,००० यूपीआयने गेले, उरलेले रोख. बिल नाही. भेट संध्याकाळी, पेट्रोल पंपाशेजारी, गाडीच्या डिकीपाशी. चाक हातात धरून फिरवलं, डिस्कचा तो भरीव घुमणारा आवाज आला आणि सौदा पक्का झाला. चाक सायकलला लावून बघितलंच नाही.

घरी कॅसेट, म्हणजे मागच्या दातचक्रांचा संच, चढवताना पहिली अडचण आली. सायकल शिमानो ११-स्पीडची. चाकाची फ्रीहब बॉडी, म्हणजे हबवरचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग, जुनी, १०-स्पीडच्या काळातली. ११-स्पीड रोड बॉडी तिच्यापेक्षा १.८५ मिमी लांब असते. एवढ्याशा फरकामुळे नेहमीची ११-२८ कॅसेट जुन्या बॉडीवर पूर्ण बसत नाही. शेवटचं दातचक्र बाहेर राहतं आणि कॅसेट आवळणाऱ्या लॉकरिंगला आटे मिळत नाहीत. शिमानोची रोडची ११-३४ कॅसेट जुन्या बॉडीवर बसते, पण टाइम ट्रायलला, म्हणजे एकट्यानं घड्याळाशी लढताना, तिच्या गिअरमधली अंतरं मोठी पडतात. उलट दिशेनं अडचण नसते: लांब बॉडीवर १०-स्पीड कॅसेट १.८५ मिमीचा स्पेसर घालून बसते. स्रॅमची १० दातांपासून सुरू होणारी कॅसेट असेल तर स्रॅमची वेगळ्या रचनेची एक्सडीआर बॉडीच लागते. ‘बॉडी बदलून मिळते’ हे विकणाऱ्याचं वाक्य हबचा मेक आणि मॉडेल कळत असेल तरच खरं. या हबवर नाव नव्हतं. जिथं असायचं तिथं घासलेलं होतं.

जुनी बॉडी म्हणजे चाकही जुनं, ही शंका तिथंच यायला हवी होती. टायर काढल्यावर ती खरी ठरली. रिमला टायरची कड धरणारा काठच नाही, नुसता उथळ खोबणीसारखा पट्टा, त्यावर पिवळट गोंदाचे थरावर थर. म्हणजे ट्यूब्युलर, टायर गोंदानं चिकटवायचं चाक. त्या ट्रायथलीटकडचे क्लिंचर, म्हणजे कडेनं रिमच्या काठात अडकणारे नेहमीचे टायर, यावर चढणार नाहीत. ट्यूब्युलर वाईट नव्हे, पण गोंद नीट लावायला एक-दोन दिवस लागतात, पंक्चर झालं तर रस्त्यात पूर्ण टायर बदलावा लागतो, आणि जुना कडक गोंद खरवडून काढताना कार्बनला ओरखडे जाऊ शकतात. सुपर-९ हे नाव कुणीतरी दहा-पंधरा वर्षं जुन्या चाकावर चिकटवलं होतं. स्टिकरची कड नखाला लागत होती. स्टिकर हा एकटा पुरावा नव्हे, हौशी लोक ते आवडीनं बदलतात. पण नवं स्टिकर, घासलेलं हब आणि सिरियल नंबरची जागा कोरी, हे तिन्ही एका चाकात आलं की तिथून उठावं. सिरियल नंबर असलाच तर पैसे देण्याआधी कंपनीच्या अधिकृत वितरकाला पाठवून विचारावं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. एक रुपयाचं नाणं घेऊन डिस्कवर कडेकडेनं टिचक्या मारत जा. चांगला कार्बन सगळीकडे सारखा, टणक वाजतो. या चाकावर व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर, ब्रेक ट्रॅकच्या (ब्रेक पॅड जिथं घासतात त्या पट्ट्याच्या) लगत, तळहाताएवढ्या जागेत आवाज एकदम बद्द झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. अंगठ्यानं दाबलं तर तिथं किंचित हलत होतं. थर सुटले होते. रिम ब्रेकच्या कार्बन चाकाला हे उष्णतेनं होतं: चोर्ला किंवा अनमोडचा घाट ब्रेक धरून उतरत आलं, किंवा ॲल्युमिनियमसाठीचे पॅड वापरले, की कार्बनचे थर चिकटवून ठेवणारी राळ मऊ होते. सुटलेला थर वरून लॅकर मारून झाकता येतो, आणि इथं तो झाकलेला होता. ब्रेक ट्रॅकवर स्टीलची पट्टी उभी धरली तर मध्ये उजेड दिसत होता, म्हणजे ट्रॅक खोलगट झिजलेला. अशा चाकाची दुरुस्ती होत नाही. ते भिंतीवर लावायचं.

गोव्यात याच्या जोडीला खारी हवा आहे. स्पोकच्या चाकात ॲल्युमिनियमचे निप्पल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, कार्बनला टेकतात आणि खारट ओलाव्यात गंजतात. पांढरी पूड धरते आणि मग एक दिवस चालत्या चाकात निप्पल तुटतो. दोनापावलाला किंवा वास्कोला समुद्राजवळ राहिलेल्या सायकलीचं चाक घेताना निप्पलभोवती पांढरं दिसतंय का, स्पोक दोन-दोन चिमटीत दाबल्यावर एखादा ढिला लागतो का, हे बघा. चाक फिरवून आऊट, म्हणजे वाकडं, किती ते ब्रेक पॅडजवळ नजरेनं कळतं. ॲक्सल बोटात धरून फिरवल्यावर खरखर लागली तर बेअरिंग गेली. ती मात्र बदलता येते, म्हणून तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, किंमत कमी करा.

मोजमापं आधीच विचारून घ्या. रिम ब्रेकच्या सायकलीला मागं १३० मिमीचं, खटक्यानं सुटणारं क्विक रिलीज, डिस्क ब्रेकच्या (याचा डिस्क चाकाशी संबंध नाही) बहुतेक रोड आणि ट्राय सायकलींना १२×१४२ मिमीचा, फ्रेममधून आरपार जाणारा थ्रू-ॲक्सल. एकाचं चाक दुसऱ्याला लागत नाही. फ्रेमची जागाही बघा: जुन्या टीटी (टाइम ट्रायल) फ्रेम २३ मिमी टायर धरून बनलेल्या, सीट ट्यूबला चाकाचा आकार कोरलेला. त्यात आजचं रुंद रिम आणि २८ मिमी टायर घासतो.

नवीन, बिननावाची कार्बन चाकं घेणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. बिननावाचं चाक म्हणजे फसवणूक असं नाही, ‘बिननावाचं’ म्हणून विकलं तर त्यात गैर काही नाही. पण हुकलेस रिम आहे हे न सांगता विकतात. रिमच्या आतल्या काठावर नख फिरवा. आत वळलेली कड लागली नाही, काठ सरळ उभा असेल, तर ते हुकलेस. त्यात हवा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआयच्या वर भरायची नाही, आणि टायर हुकलेसला चालणारा ट्यूबलेसच हवा. सवयीनं १०० पीएसआय भरलेला साधा क्लिंचर त्यातून उडतो. मागचं चाक अचानक रिकामं झालं की एरोबारवर (पुढं झुकून धरायच्या दांड्यांवर) झोपलेला माणूस सावरत नाही. हे न सांगणाऱ्याला आम्ही चोरापेक्षा वाईट समजतो.

जाहिरातीतल्या चाळीस वॅटचं, म्हणजे पायांची तेवढी ताकद वाचण्याचं, काय? मागच्या चाकासमोर सीट ट्यूब आणि फिरणारे पाय असतात, त्यामुळे तिथं येणारी हवा आधीच विस्कटलेली असते. चांगल्या ८० मिमी रिमवरून डिस्कवर गेल्यानं मिळतात ते मोजके वॅट. हवेचा सर्वात मोठा अडथळा सायकलस्वाराच्या अंगाचा असतो. सीट, एरोबार, खांदे यांची बैठक नीट केली तर त्याहून जास्त हाती लागतं. डिस्क मागं बऱ्यापैकी सुरक्षित असतं, कारण मागचं चाक सायकल वळवत नाही. आडवा वारा खोल पुढच्या चाकाला ढकलतो तेव्हा हँडल हातातून ओढलं जातं. तरीही हवाईतल्या कोनाच्या आयर्नमॅन विश्वविजेतेपदात वाऱ्यामुळे अनेक वर्षं डिस्कला बंदी होती. आयर्नमॅनच्या शर्यतींत मागच्या चाकाला कव्हर चालतं, पुढच्याला नाही, आणि वारा जास्त असेल तर आयोजक मागचंही थांबवू शकतात. म्हणून नेहमीच्या मागच्या चाकावर बसणारं कव्हर हा पहिल्या शर्यतीला शहाणपणाचा पर्याय. किंमत डिस्कच्या छोट्या वाट्याएवढी, कॅसेट, ॲक्सल, टायर सगळं आपलंच. फक्त व्हॉल्व्हसाठी कापलेली जागा आणि चेनस्टेपासूनचं (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या खालच्या नळीपासूनचं) अंतर बघून घ्या, आणि डिस्कला किंवा कव्हरला लागणारा वाकडा पंप ॲडॅप्टर शर्यतीच्या पिशवीत ठेवा. तो विसरल्यानं ट्रान्झिशनमध्ये (सायकली ठेवतात त्या, एका प्रकारातून दुसऱ्यात जायच्या जागेत) हवा भरता न आलेले दरवर्षी दिसतात.

फसवणुकीच्या दुसऱ्या प्रकारात चाक मुळात नसतंच. ‘नौदलात आहे, दाबोळीहून बदली झाली, सायकलचं सामान काढतोय’ असं सांगून गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतात, मग पार्सलचा फोटो, मग क्यूआर कोड. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमचेच पैसे जाणार. ‘परदेशातून चाक आलंय, कस्टमचे भरा’ हा फोन याचाच भाऊ.

पैसे गेले तर त्याच तासात १९३० वर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. चॅट, जाहिरात, यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, कारण जाहिरात उडते. दुकानातून घेतलेलं असेल आणि बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. फोंड्याच्या त्या चाकाला बिल नव्हतं, नंबर बंद झाला होता, आणि डिकीपाशी दिलेल्या रोख ५२,००० चा कागदावर कुठंच पत्ता नव्हता. तक्रारीत दाखवता आले ते फक्त टोकनचे २०,०००.