टिळकवाडीतील इंग्रजीचा वर्ग आणि ‘कंटिन्युअस’चा एक तास

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या माझ्या मुलीला पी.यू.सी.त, म्हणजे कर्नाटकातील अकरावी-बारावीत, एकदम इंग्रजीला तोंड द्यावे लागले, म्हणून तिला बेळगावच्या टिळकवाडीतील एका खाजगी वर्गात घातले. पालकांनाही बसू देतात हे कळल्यावर मीही दोन महिने तिच्या शेजारी बसले. हा वर्ग मी मनापासून सुचवते, त्याचे कारण बाईंनी ‘कंटिन्युअस’ या एकाच विशेषणासाठी दिलेला अख्खा तास.

आपण या शब्दाला सरसकट ‘सतत’ म्हणतो; पण ‘रात्रभर सतत पाऊस पडत होता’ आणि ‘सतत वीज जाते’ या दोन वाक्यांतले ‘सतत’ एक नव्हे. पहिल्यात खंडच नाही, म्हणून ते ‘कंटिन्युअस’. दुसऱ्यात तीच गोष्ट थांबून थांबून पुन्हा घडते, म्हणून ते ‘कंटिन्युअल’. बाईंनी अखंड हरिनाम सप्ताहाचा दाखला दिला: विणेकरी बदलतात, पण सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही, ते ‘कंटिन्युअस’, आणि मंडपातली माणसांची ये-जा ‘कंटिन्युअल’. बेळगावच्या काही प्रभागांत २००८ च्या सुमारास प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालेला चोवीस तासांचा पाणीपुरवठा ‘कंटिन्युअस’. ठराविक दिवसांनी सुटणारे नळाचे पाणी मात्र या दोन्हींत बसत नाही, ते ‘इंटरमिटंट’. किल्ल्याची सलग तटबंदीही ‘कंटिन्युअस’ म्हणता येते, ‘कंटिन्युअल’ नव्हे, कारण या दुसऱ्या शब्दाचा संबंध जागेशी नसून काळाशी आहे. रोजच्या बोलण्यात इंग्रज लोकही दोन्ही शब्दांची सरमिसळ करतात, तरी काटेकोर लेखनात हा भेद पाळला जातो, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. कन्नड बोलणाऱ्या मुलांना त्यांनी ‘निरंतर’ या दोन्ही भाषांत चालणाऱ्या शब्दावरून समजावले, ते मला विशेष आवडले.

छापील टिपणे मात्र अपुरी आहेत. चालू वर्तमानकाळाला, म्हणजे ‘प्रेझेंट कंटिन्युअस’ला, त्यांत जेमतेम अर्धे पान मिळाले आहे, आणि मालकी किंवा नाते सांगणारे ‘हॅव’ या रूपात येत नाही, हा नियमच गाळला आहे. त्यामुळे बाई तोंडी कितीही सांगोत, निम्मी मुले शेवटपर्यंत ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असेच लिहीत राहिली. टिपणे सुधारेपर्यंत मुलांनी स्वतंत्र वही ठेवावी. खानापूरहून येणाऱ्यांनी पाचची तुकडी घ्यावी. सातची तुकडी वेळेवर सुटत नाही आणि परतीच्या बसची ओढाताण होते.