होम ओकचे रोप: जळगावात चौदा महिने

भूमध्य समुद्राकाठचा सदाहरित ओक, म्हणजेच होम ओक, अंगणात वाढवण्याची हौस मी आधी बियांवर भागवू पाहिली. परंतु टपालाने आलेल्या पाच बियांपैकी चार पाण्यात तरंगल्या आणि पाचवीही रुजली नाही. हे बी वाळले की मरते, म्हणून ते ओलसर असतानाच पेरावे लागते, एवढे विक्रेत्याने पाकिटावर छापले असते तर माझे पैसे वाचले असते. अखेर मागील वर्षीच्या फेब्रुवारीत नऊ इंचांचे रोप मागवले.

रोप देखणे आहे. कोवळ्या वयात पानांची कड काटेरी असते. वरून गडद हिरवे, चामड्यासारखे चिवट पान उलटे केले की खाली राखाडी-पांढरी लव दिसते आणि बोटाला मखमलीसारखी लागते.

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास गेला, तरी हिरव्या जाळीखाली आणि आळ्यात घातलेल्या केळीच्या वाळक्या पानांवर ते निभावले. घात केला तो पावसाने. या झाडाच्या मायदेशी पाऊस प्रामुख्याने हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे मात्र ऐन उकाड्यात पाणी येते आणि खानदेशची काळी माती ते धरून ठेवते. जुलैच्या झडीत पानांच्या कडा तपकिरी पडू लागल्या, म्हणून रोप उकरून पाहिले, तर बारीक मुळ्या काळवंडून त्यांना कुजका वास सुटला होता आणि सोटमुळाने पिशवीतच वेटोळे घातलेले होते, जे खरे तर लावतानाच तपासायला हवे होते. कुजका भाग छाटून, मुरूम व पोयटा मिसळून फूटभर उंचवटा केला आणि त्यावर ते पुन्हा लावले.

दिवाळीपर्यंत त्याने काहीच हालचाल केली नाही. यंदाच्या फेब्रुवारीत पालवी फुटली आणि त्याच सुमारास जुनी पाने पिवळी पडून गळाली, तेव्हा मी धसकलो होतो. परंतु सदाहरित झाडही जुनी पाने टाकतेच, फक्त ती सगळी एकदम टाकत नाही.

आज उंची चौदा इंच आहे. कुंपणालगत आपोआप उगवलेला कडुनिंब तेवढ्याच काळात माझ्या डोक्यावर गेला, त्यामुळे सावलीच्या अपेक्षेने हे रोप कोणी घेऊ नये. मृग लागण्याआधी मला उंचवट्याभोवती चर खणायचा आहे.