इनसोल दाराबाहेर, टाच फरशीवर: पोडियाट्रिस्टच्या उपचारांचा आठ महिन्यांचा अनुभव

मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे एक पुणेरी उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा, एवढ्या वापरानंतरचा हिशेब असा: मापाने बनवलेला इनसोल (बुटाच्या आत तळव्याखाली घालायचा आधार) वस्तू म्हणून चांगला निघाला, पण टाच बरी होण्यात त्याचं श्रेय अर्ध्याहून कमी. आपल्याकडे बूट दाराबाहेर निघतात. इनसोल त्यांच्यासोबत चपलांच्या स्टँडमध्ये मुक्कामाला आणि टाच आत व्हिट्रिफाइड फरशीवर. सकाळी अंथरुणातून उठल्यावर ज्या पहिल्या पावलाला टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं, त्या पावलाखाली इनसोल नसतोच. काही हजार रुपये मोजण्याआधी हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे आधी.

दुखणं नेहमीचंच, प्लांटार फॅशिआयटिस. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, त्याचं टाचेकडचं टोक दुखतं. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहतं, पट्टा आणि पोटरी आखडतात आणि पहिल्या पावलाला एकदम ताण बसतो. चार पावलं चाललं की सैल पडतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. एक्स-रे काढला की बहुतेकांना ‘हाड वाढलंय’ असं ऐकायला मिळतं. ते वाढलेलं हाड अजिबात न दुखणाऱ्या टाचांमध्येही सापडतं. त्यावर घाबरून निर्णय घेऊ नये.

आता कुणाकडे जायचं. ‘पोडियाट्रिस्ट’ म्हणजे पावलांच्या दुखण्यांचा तज्ज्ञ, पण या पाटीमागची पदवी सगळीकडे एकच नसते. कुठे ऑर्थोपेडिक सर्जन, कुठे फिजिओथेरपिस्ट, कुठे मधुमेहींच्या पायांवर काम करणारा जनरल सर्जन, क्वचित परदेशातून याच विषयाची पदवी घेतलेला. सरळ विचारावं, यात अपमान कुणाचाच नाही. इनसोल बनवणारा माणूस बहुधा वेगळा असतो, प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणारा. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते, नंबर मागता येतो. या कलेची पुण्यात जुनी ओळख आहे. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून सैनिकांसाठी हेच काम करतंय. मात्र एखाद्या प्रदर्शनात किंवा दुकानात काचेच्या यंत्रावर उभं करून, तळव्याचं लाल-पिवळं चित्र दाखवून जागच्या जागी इनसोल गळ्यात मारतात, त्याला तपासणी म्हणत नाहीत. टाचेखाली लाल रंग जवळपास सगळ्यांच्याच चित्रात येतो, कारण वजन तिथेच पडतं.

पहिल्या भेटीला चाळीसेक मिनिटं जायला हवीत. त्यातली यंत्रावरची दहासुद्धा नसावीत. अंगठा वर ओढून पट्टा ताणला की दुखतं का, हे बघतात. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबतात. तसं दाबल्यावर कळ आली तर पट्ट्यापेक्षा हाडातल्या बारीक चिरेचा संशय आधी घ्यावा लागतो आणि मग इनसोलचा विषय तिथेच थांबतो. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारून मुंग्या येतात का हे पाहिलं जातं, कारण दबलेली नससुद्धा टाचदुखीचं सोंग घेते. नंतर भिंतीची चाचणी. पाऊल भिंतीसमोर, टाच जमिनीला टेकलेली, गुडघा भिंतीला लावायचा. अंगठ्यापासून भिंतीपर्यंत दहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर जमायला हवं. पोटरी आखडलेली असेल तर पाच-सहावरच टाच उचलली जाते. ही चाचणी घरीही होते, फूटपट्टी पुरते.

जाताना रोजचे बूट आणि घरातल्या चपलाही पिशवीत घालून न्याव्यात. बुटाच्या तळाची झीज, टाचेमागचा कडकपणा आणि आतला मूळ इनसोल निघतो की चिकटवलेला आहे, हे तिथे बघायलाच हवं. मूळ इनसोल निघत नसेल तर मापाचा त्यावरच बसवावा लागतो, टाच तितकी वर येते आणि जिना उतरताना बुटातून निसटते. ही चूक फार होते. खापर मात्र इनसोलवर फुटतं.

माप घेण्याची रीत नीट बघावी, पुढचे सगळे घोळ तिथून सुरू होतात. फोमचा खोका असतो, फुलवाल्याकडच्या हिरव्या स्पंजसारखा, बोट लावलं तरी खळगा पडणारा. खुर्चीत बसायचं, गुडघा काटकोनात. तंत्रज्ञ एका हाताने घोटा सरळ धरतो आणि दुसऱ्या हाताने गुडघ्यावरून दाब देतो. आधी टाच रुतते, मग चवडा, शेवटी बोटं. आपण स्वतः जोर लावायचा नाही. उभं राहून भार दिला की तळव्याची कमान बसते आणि साचाही सपाट येतो. मग कमानीला आधार कसला देणार? स्कॅनरनेही माप घेतात. तिथेही पाऊल कुठल्या स्थितीत धरलंय यालाच महत्त्व, यंत्राच्या किमतीला नाही.

हातात आलेली जोडी अशी: 3 मिलिमीटर पॉलिप्रॉपिलीनचं (कडक प्लास्टिकचं) कवच, टाचेखाली ईव्हीएची (फोमसारख्या मऊ प्लास्टिकची) पाचर, वर मऊ फोम आणि कापडी आवरण. टाचेची वाटी साधारण 14 मिलिमीटर खोल. पहिल्या दिवशी एकच तास, मग रोज एकेक तास वाढवत दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण दिवस. ही पायरी चुकवून कुणी पहिल्याच रविवारी तळजाई टेकडीवर फिरायला गेलं, तर कमानीत फोड आणि गुडघ्याला कळ ठरलेली.

तिसऱ्या आठवड्याची फेरभेट टाळू नये. सगळ्या खर्चात सर्वाधिक वसूल झालेली गोष्ट तीच. उजव्या इनसोलची कमान आतल्या कडेला टोचत होती, कापडावर तिथेच घामाचा गडद डाग पडला होता. तंत्रज्ञाने तो डागच खूण म्हणून धरला, ग्राइंडरवर खालून दीडेक मिलिमीटर उतरवलं, कडा गोल केली, बुटात घालून दहा मिनिटं चालवलं, पुन्हा किंचित घासलं. एवढंच. इनसोल ही पहिल्या फटक्यात बसणारी वस्तू नाही. ती बसवावी लागते आणि दुरुस्ती किमतीत धरलेली आहे का, हे पैसे देण्याआधी पक्कं करावं. दुसरी तक्रार आवाजाची. चालताना कवच बुटाच्या तळाशी घासून चुरचुरतं, शांत ऑफिसात चांगलंच ऐकू येतं. कवचाखाली चिमूटभर टाल्कम पावडर टाकली की थांबतं, पंधरा दिवसांनी पुन्हा टाकायची. चवडा दुखतो म्हणून ज्यांच्या इनसोलवर छोटी गादी चिकटवतात, त्यांनी एक बघावं: ती चवड्याच्या हाडांच्या गाठींमागे यायला हवी, गाठींच्या खाली नव्हे. सेंटिमीटरभर पुढे सरकली तरी दुखणं वाढतं.

आणि हो, साध्या टाचदुखीत दुकानातला तयार इनसोल आणि मापाचा इनसोल यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत फरक फारसा दिसलेला नाही. काही शे रुपयांचा, कमानीला घट्ट आधार देणारा तयार इनसोल आधी दीड-दोन महिने वापरून बघायला हरकत नाही. सपाट पाऊल, बसलेली कमान, पायांच्या लांबीतला फरक, मधुमेह, यात मात्र मापाचाच.

टाचेला खरं वळण लावलं ते व्यायामांनी. पहिला पलंगावरच, पाय खाली टेकवण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो का बघायचं. नसेल लागत तर ओढ कमी पडतेय. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

दुसरा जिन्यात. पंचा गुंडाळून बोटांखाली ठेवायचा, म्हणजे टाच उचलताना बोटं पूर्ण वर वाकतात. चवडा पायरीवर, टाच हवेत, कठड्याला हात. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून तीन सेकंदांत खाली. बारा-बाराच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवर सॅक, आत तांदळाची पाच किलोची पिशवी, दहा-दहाच्या चार फेऱ्या. आणखी दोन आठवड्यांनी वजन वाढवून आठ-आठच्या पाच. ही पद्धत डेन्मार्कमधल्या 2014 च्या अभ्यासातून पसरली. त्यात तीन महिन्यांनी हा गट नुसते पट्टा ताणायचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा पुढे होता, वर्षअखेरीस दोन्ही सारखेच. म्हणजे चमत्कार नाही, लवकर सुटका. सरावात थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या सकाळचं पहिलं पाऊल जास्त दुखलं तर वजन कमी करायचं. मोजे घालून करू नये, मोझेकच्या पायरीच्या कडेवरून पाय सटकतो.

स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलंच तर एवढं माहीत असावं की आराम बहुधा काही आठवड्यांचा असतो, आणि पट्टा फाटण्याचा व टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका त्यासोबत येतो.

फरशीचं काय केलं? घरासाठी वेगळं, मागे पट्टा असलेलं, दोन-अडीच सेंटिमीटर टाचेचं ईव्हीएचं सँडल. अंगठ्याच्या साध्या स्लिपर नकोत, त्या पायात राहाव्यात म्हणून बोटं सतत आवळली जातात. घरात चपला म्हटल्यावर मोठी माणसं नाक मुरडणारच. नवीन जोड उंबरठ्याबाहेर कधीच न्यायचा नाही, आठवड्याला धुवायचा, देवघरापाशी आणि पानावर बसताना काढायचा, एवढ्यावर बहुतेक घरांत तह होतो. सकाळी तो पलंगाशेजारीच हवा, बाथरूमच्या दाराशी असून उपयोग नाही. ओट्यासमोर जाड मॅट घालावी. पोळ्या लाटताना तासभर एकाच जागी उभं राहणं टाचेला चालण्यापेक्षा जड जातं.

पावसाळ्यात इनसोलची परीक्षा झाली. ओल्या बुटात तो रात्रभर राहिला की कापडी आवरण कडेने सुटतं. घरी आल्याबरोबर बाहेर काढून पंख्याखाली उभा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे. उन्हात नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर नाही, स्कूटरच्या डिक्कीतही नाही. एप्रिलमध्ये तिथे ईव्हीए आकसतं आणि चिकटवलेले थर सुटतात. ओलाव्याने बोटांमध्ये चिखल्या होतात तो वेगळाच ताप. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं क्रीम दिसायला बरं झाल्यावरही दोनेक आठवडे चालू ठेवावं, नाहीतर गणपतीपर्यंत परत हजर.

बाकी किरकोळ कामांसाठीही हीच माणसं उपयोगी पडतात. नखुरडं असेल तर नखाचे कोपरे खोल कोरणं बंद करून नख सरळ कापणं हा निम्मा उपाय. पुन्हा पुन्हा होत असेल तर नखाची कडेची पट्टी काढून मुळाशी फिनॉल हे रसायन लावतात, भूल देऊन अर्ध्या तासाचं काम. कुरूप सोलून देतात, पण ज्या बुटाने झालं तो बूट तसाच राहिला तर तेही परत येतं. घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर किंवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध हाडावर दाबून दुखत असेल, तर मालिश सोडून आधी एक्स-रे.

मधुमेह असलेल्यांनी केमिस्टकडच्या कॉर्न कॅपला, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्टीला, हातही लावू नये. त्यातल्या सॅलिसिलिक आम्लाने चांगली कातडीही जळते आणि संवेदना कमी असेल तर कळत नाही. त्यांची तपासणी दहा ग्रॅमच्या नायलॉन धाग्याने होते. धागा वाकेपर्यंत तळव्यावर टेकवतात, डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. वर्षातून एकदा तरी ती व्हावी. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या अंगणात अनवाणी प्रदक्षिणा त्यांनी टाळाव्यात, फोड आलेला संध्याकाळी दिसतो.

आठ महिन्यांनंतर जोडीची अवस्था: कवच जसंच्या तसं, अंगठ्याखाली आवरण विरलेलं, टाचेची पाचर अंगठ्याने दाबली की पूर्वीपेक्षा मऊ. आवरण बदलून मिळतं, नवी जोडी लागत नाही. सकाळचं पहिलं पाऊल आता गुमान पडतं, फक्त सिंहगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी थोडी आठवण करून देतं. बदलावं लागलं ते घरातलं सँडल. त्याची टाच इनसोलच्या आधी झिजली.