अनुस्वार खाणारा प्रिंटर

तीन पानं तपासून झाली तेव्हा माझं ठाम मत बनलं होतं की या लेखकाला अनुस्वाराचं वावडं आहे. 'संबंध'चं 'सबध', 'नंतर'चं 'नतर', 'वंश'चा 'वश'. लाल पेनाने टिंबं देऊन हात दुखायला लागला. चौथ्या पानावर शंका आली. एका ओळीतले अनुस्वार झाडून सगळे गायब आणि खालच्या दोन ओळींत मात्र जागच्या जागी. माणूस असा ओळी वाटून चुकत नाही. फाइल उघडून बघितली, तर तिथे एकूण एक अनुस्वार होता. लेखक निर्दोष. टिंबं खाल्ली होती माझ्या प्रिंटरने.

मी गेली बावीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते. पडद्यावर कितीही वेळा वाचलं तरी निसटलेली चूक कागदावर पहिल्या वाचनात डोळ्यात भरते, त्यामुळे प्रिंटर ही माझ्यासाठी चैन नाही. हा घेऊन चौदा महिने झाले. घरगुती इंकजेट आहे, प्रिंट, स्कॅन, कॉपी असं तीन कामं करणारा, चार वेगळ्या कार्ट्रिजवाला (म्हणजे शाईच्या डब्यांचा). कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. यातलं बरंचसं थोड्याफार फरकाने इतर घरगुती इंकजेटनाही लागू पडतं, आणि मला भांडण नको, प्रिंट हवी आहे.

आधी चांगलं सांगते. यंत्र म्हणून हा प्रिंटर खरंच उत्तम आहे. चौदा महिन्यांत कागद अडकला फक्त दोनदा, तोही मी पाठकोरे कागद घातले म्हणून. दोन्ही बाजूंनी छापताना ओळी एकमेकींच्या पाठीवर नीट बसतात. आवाज कमी. स्कॅनरची काच मोठी आणि झाकणाची बिजागरी वर उचलली जाते, त्यामुळे जाड पुस्तकही सपाट ठेवता येतं. ज्याने ही बिजागरी डिझाइन केली त्याने कधीतरी पुस्तक स्कॅन केलं असणार. सॉफ्टवेअर ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मात्र असं म्हणवत नाही.

खोक्यातून काढल्यावर पहिला दीड तास वाय-फायला गेला. अ‍ॅप म्हणायचं, 'प्रिंटर सापडला नाही', आणि प्रिंटर माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर निळा दिवा मिचकावत बसलेला. कारण साधं होतं, पण ते पत्रकात कुठेही नव्हतं. हा प्रिंटर वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतो, माझा फोन होता 5 गिगाहर्ट्‌झवर, आणि माझ्या राउटरने दोन्हींना वेगवेगळी नावं दिली होती. फोन दुसऱ्या नावाला जोडला आणि मिनिटभरात काम झालं. मग अ‍ॅपने खातं उघडायला लावलं, जन्मतारीख विचारली, लोकेशनची परवानगी मागितली. पान छापायला माझी जन्मतारीख कशाला लागते, ते अजून कळलेलं नाही. पुढे समजलं की या अ‍ॅपची गरजच नव्हती. अ‍ॅपलची एअरप्रिंट ही थेट छापायची सोय 2010 पासून आहे, अँड्रॉइड आणि विंडोजमध्येही आता तशी सोय असते. प्रिंटर एकदा वाय-फायवर आला की अ‍ॅप काढून टाकलं तरी तो छापतो.

दुसरा छळ 'ऑफलाइन'चा. दर आठ-दहा दिवसांनी प्रिंटर चालू असायचा, दिवा हिरवा असायचा आणि कॉम्प्युटर म्हणायचा ऑफलाइन. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता देतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसतो, अशी ती भानगड. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला, तेव्हापासून बंद झालं. हे मला हेल्पलाइनने सांगितलं नाही. हेल्पलाइनने तीनदा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकायला लावला होता.

आता अनुस्वाराकडे येते.

मधे तीन आठवडे काम पडद्यावरच चाललं होतं आणि प्रिंटर बंद होता. इंकजेटमध्ये शाई उडवणाऱ्या हेडला केसापेक्षाही बारीक छिद्रं असतात. वापर नसला की तोंडाशी शाई सुकते. हेड आडवं फिरतं, म्हणून एक-दोन छिद्रं बुजली की कागदावर आडवी पांढरी रेघ उमटते. फोटोत ती रेघ लगेच दिसते. देवनागरीत काय होतं, तर ती एका ओळीत शिरोरेषेवर पडते आणि अक्षरं फाटल्यासारखी दिसतात, दुसऱ्या ओळीत नेमकी अनुस्वारांच्या उंचीवर पडते आणि ओळीतले सगळे अनुस्वार स्वच्छ पुसून नेते. त्यात शाई वाचवायला मी ड्राफ्टमध्ये, म्हणजे कच्च्या दर्जात, छापत होते. चांगल्या दर्जाच्या छपाईत हेड एकाच पट्टीवरून अनेकदा जातं, त्यामुळे बुजलेल्या छिद्राची जागा दुसरं छिद्र भरून काढतं. ड्राफ्टमध्ये एकच फेरी.

उपाय प्रिंटरच्या मेनूतच आहे, 'हेड क्लीनिंग'. केलं. आधी नोझल, म्हणजे त्या छिद्रांच्या तपासणीचं पान, मग क्लीनिंग, मग परत पान. तिसऱ्या खेपेला काळ्याच्या सगळ्या रेघा अखंड आल्या आणि मी खूश झाले. पण क्लीनिंग म्हणजे छिद्रांतून शाई ओढून आतल्या फेल्टच्या पॅडमध्ये टाकून देणं, आणि हा प्रिंटर फक्त काळ्याचं क्लीनिंग करत नाही. चारही रंग एकदम. बिचारा निळा, म्हणजे सायन, जो मी महिन्यातून एकदा वापरत असेन, तिसऱ्या क्लीनिंगमध्ये संपला.

पडद्यावर आलं: 'सायन कार्ट्रिज बदला.' म्हटलं, बदलीन सावकाश, मला काळंच छापायचं आहे. नाही. सायन भरल्याशिवाय काळंही छापणार नाही. बरं, मग निदान एक करारपत्र स्कॅन करून पाठवते. तर स्कॅनही नाही! स्कॅनरच्या काचेचा आणि निळ्या शाईचा संबंध काय, हे मला कुणीतरी समजावून द्या. (अनुस्वार तपासून घ्या.)

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. काही इंकजेटमध्ये थेंब उडवायला हेडमधला इवलासा हीटर तापतो आणि शाईच त्याला थंड ठेवते, तो कोरडा चालला तर जळू शकतो. काळ्यातही थोडे रंग मिसळले जातात. छपाई थांबवण्यामागे काही अर्थ असू शकतो, हे मी मान्य करते. स्कॅन थांबवण्यामागे एकच अर्थ दिसतो: आत्ताच्या आत्ता जा आणि शाई घेऊन ये.

मूळ कंपनीच्या चार कार्ट्रिज एकदम घेतल्या तर त्या पैशांत जवळपास असाच दुसरा प्रिंटर येतो. म्हणून मी दुसऱ्या उत्पादकाची सायन आणली. असल्या दोन आधी वापरल्या होत्या, विनातक्रार चालल्या होत्या. ही बसवली आणि अ‍ॅपमध्ये मराठीतून संदेश आला:

'तुमचे काडतूस ओळखता आले नाही. कृपया अस्सल काडतूस भरा.'

मी तो दोनदा वाचला. कार्ट्रिजचं काडतूस करणारं भाषांतरयंत्र शब्दकोशाच्या दृष्टीने चुकलेलं नाही, हे मान्य करावं लागेल. पण माझ्या टेबलावर प्रिंटर आहे, बंदूक नाही.

जुन्या दोन चालल्या आणि ही का नाही? मधल्या काळात एका रात्री फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं होतं. कार्ट्रिजच्या कडेला नखाएवढी तांब्याच्या रंगाची चिप असते. प्रिंटर तिला तिची ओळख विचारतो, शाई किती खर्च झाली त्याचा हिशेब तिच्यावरच ठेवतो. अपडेटने हा प्रश्न विचारायची पद्धत बदलली आणि बाहेरच्या चिपना उत्तर देता येईना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या टोनर कार्ट्रिजवरून चाललेल्या खटल्यात सांगितलं होतं की एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो, घेणारा ती परत भरून वापरू किंवा विकू शकतो. निकाल वाचून बरं वाटतं. पण चिपला निकाल वाचता येत नाही. कायद्याने जे दार उघडं राहिलं, त्याला अपडेटने आतून कडी लावता येते.

मग हेल्पलाइन. एकूण चार बैठका झाल्या. पहिली चॅटबॉटबरोबर. त्याला लिहिलं, 'अपडेटनंतर कार्ट्रिज चालत नाही.' त्याने विचारलं, 'तुम्हाला काडतूस विकत घ्यायचे आहे का?' नाही लिहिलं. 'ठीक आहे. काडतूस विकत घेण्यासाठी येथे क्लिक करा.' माणसाशी बोलायचं बटण चौथ्या पडद्यावर तळाशी फिकट राखाडी अक्षरात आहे. विकत घ्यायचं बटण प्रत्येक पडद्यावर निळं आणि ठसठशीत.

दुसरी आणि तिसरी बैठक फोनवर. दोन्ही वेळा प्रिंटरचा सीरियल नंबर, मॉडेल, खरेदीची तारीख पहिल्यापासून. आधीच्या तक्रारीचं तिकीट आहे म्हटलं, तर ते 'समाधानकारकरीत्या बंद' झालेलं. कुणाचं समाधान झालं ते नोंदलेलं नव्हतं.

"मॅडम, प्रिंटर बंद करून चालू केलात का?"

"केला. तीनदा."

"वायर भिंतीतून काढून?"

"भिंतीतून काढून, एक मिनिट थांबून. आणि ड्रायव्हरही काढून टाकला परत."

"ओके मॅडम. मग एकदा प्रिंटर बंद करून चालू करूया."

मी त्या मुलीला दोष देत नाही. तिच्यासमोर जी यादी ठेवली आहे ती तिला वरून खालपर्यंत म्हणावीच लागते, आणि त्या यादीत 'आमच्या अपडेटमुळे असं झालं' ही ओळ नाही. माझा आक्षेप त्या यादीला आहे. दोन फोन मिळून एक तास चाळीस मिनिटं गेली. त्यातली निम्मी होल्डवर, आणि होल्डवर दर मिनिटाला सांगतात की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

चौथ्या बैठकीत, पुन्हा फोनवर, एक जाणता माणूस भेटला. माझं सगळं ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, अपडेट मागे घ्यायची सोय या मॉडेलला नाही. आत्ता मूळ कंपनीचीच टाकावी लागेल. पुढचं अपडेट नको असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ऑटो अपडेट बंद करता येतं." साडेतीन मिनिटांत संपलं. हेच उत्तर पहिल्या दिवशी मिळालं असतं तर मी चिडले असते, पण चार दिवस वाचले असते. त्या माणसाला पाच तारे, त्याच्या कंपनीला दीड. अर्धा तारा बिजागरीचा आहे.

घेणार असाल तर एवढं बघा. तुम्ही आठवड्यातून दोनदा तरी रंगीत छापणार असाल, तर हे यंत्र वाईट नाही. पहिल्याच दिवशी ऑटो अपडेट बंद करा आणि आठवड्याला एक रंगीत पान काढत जा, मग छिद्रं सुकत नाहीत. बंद करताना त्याच्याच बटणाने करा, थेट भिंतीवरून नको, म्हणजे हेड आपल्या टोपीखाली जाऊन बसतं. ते उघडं राहिलं की शाई लवकर वाळते. खोक्यावरचा पानांचा आकडा खोटा नसतो, पण तो आयएसओ/आयईसी 24711 या मानकाप्रमाणे ठरलेली पाच पानं पुन्हापुन्हा, सलग छापून काढलेला असतो. तीन आठवडे बंद ठेवून मग तीनदा क्लीनिंग करणारी मुद्रितशोधक त्या प्रयोगशाळेत कुणी बसवलेली नाही. माझ्यासारखं फक्त काळं आणि तेही खंड पडत छापायचं असेल, तर हा घेऊ नका. मी आता साधा काळा-पांढरा लेझर घेतला आहे. त्यात पावडर असते, ती उष्णतेने कागदाला चिकटते आणि महिनाभर बंद राहिला तरी वाळायला काही नसतं. अनुस्वार सगळे येतात. रंगीतवाल्यात शेवटी मूळ कंपनीची सायन घातली, आता त्याच्याकडून फक्त स्कॅनिंग करून घेते.

गेल्या आठवड्यात कंपनीचा मेसेज आला: 'आपली काडतूस समस्या सुटलि का? आपले समाधान हेच आमचे ध्येय आहेत.' दोन ओळींत तीन चुका. राहवलं नाही, दुरुस्त करून परत पाठवला. दहा सेकंदांत उत्तर आलं: 'धन्यवाद. आपला अभिप्राय काडतूस विभागाकडे पाठविला आहे.'