गूगल स्कॉलर: क्रिप्टोग्राफीचा संशोधक जोखायला कितपत पुरतं?

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पीएचडीचा मार्गदर्शक किंवा बाहेरचा परीक्षक ठरवताना गूगल स्कॉलर हाताशी असतंच. फुकट, झटपट, आणि उजवीकडे तीन आकडे तयार: एकूण सायटेशन (इतरांनी दिलेले हवाले), एच-इंडेक्स (किमान एच हवाले मिळालेले एच पेपर), आय-टेन (किमान दहा हवाले मिळालेले पेपर). पेपर शोधायला या सेवेला तोड नाही. पण क्रिप्टोग्राफीतल्या, म्हणजे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्रातल्या, माणसाचं वजन त्या आकड्यांवरून ठरवलं, तर हमखास चूक होते.

एक तर या विषयात उत्तम काम परिषदेत येतं. क्रिप्टो, युरोक्रिप्ट आणि एशियाक्रिप्ट या आयएसीआरच्या (क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) परिषदांतला पेपर चांगल्या जर्नलच्या तोडीचा मानतात. स्कॉलर मात्र त्याला आणि पैसे भरून छापलेल्या लेखाला एकाच यादीत, एकाच मापाने लावतं. म्हणून नाव सापडलं की आयएसीआरचं क्रिप्टोडीबी उघडावं. तिथे फक्त त्या संस्थेच्या परिषदा आणि जर्नलं आहेत. तिथले पाच पेपर स्कॉलरवरच्या पन्नासांपेक्षा जास्त सांगून जातात.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. एकच निकाल आधी ईप्रिंटवर, म्हणजे आयएसीआरच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, येतो, मग परिषदेच्या खंडात आटोपशीर, मग जर्नलमध्ये विस्ताराने. शीर्षक बदललं की स्कॉलर त्याचे दोन पेपर धरतं आणि सायटेशन विभागली जातात. दोन्ही नोंदींवर खूण करून त्या एकत्र करणं प्रोफाइलच्या मालकालाच जमतं. पाहणाऱ्याने 'सगळ्या आवृत्त्या' उघडून पाहावं. काम पहिल्यांदा कधी बाहेर आलं हे ईप्रिंटच्या क्रमांकावरून कळतं. मात्र ईप्रिंटवर समीक्षण होत नाही, हे विसरू नये. तरीही फॅन आणि व्हेरकॉटेरन यांचा होमोमॉर्फिक एन्क्रिप्शनवरचा (माहिती न उलगडता तिच्यावर गणित करण्यावरचा) पेपर, ईप्रिंट २०१२/१४४, परिषदेत वा जर्नलमध्ये न छापता हजाराहून जास्त सायटेशनवर पोहोचला. फक्त छापील नोंदी मोजणाऱ्याच्या हातून तो निसटतो.

लेखकांची नावं इथे बहुधा आडनावाच्या इंग्रजी वर्णक्रमाने लागतात. अविभाज्य संख्येच्या कसोटीचा आयआयटी कानपूरचा पेपर पाहा: अगरवाल, कयाल, सक्सेना. यात पहिला कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असतील, तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. त्यामुळे वाघ किंवा येवले आडनावाच्या प्राध्यापकाने पत्रव्यवहार करणारा लेखक म्हणून आपली नोंद पेपर पाठवतानाच करून घ्यावी.

सायटेशन कशासाठी झालं, हे स्कॉलर सांगत नाही. एसआयडीएच ही दोघांत गुप्त किल्ली ठरवायची पद्धत २०११ची. २०२२मध्ये कास्ट्रिक आणि डेक्रू यांनी (ईप्रिंट २०२२/९७५) तिच्यावर उभ्या असलेल्या साइक या योजनेच्या सगळ्यात लहान मापाची किल्ली एका कोअरवर सुमारे तासाभरात काढून दाखवली. पद्धत मोडल्याचा उल्लेखही मूळ पेपरच्या खात्यात जमाच होतो. 'उद्धृत करणारे' उघडून, त्यांच्यातच शोधायची खूण करून, लेखकाचं नाव '-author:' लावून वगळलं की स्वतःच स्वतःचा दिलेला हवाला बाजूला पडतो. हे काम पाच मिनिटांचं. पण महाविद्यालयाच्या एकाच जोडणीवरून सगळे शोधायला बसले, तर 'मी रोबो नाही'चा अडसर येतो. तेव्हा घरून किंवा मोबाइलच्या नेटवरून शोधावं.

'एस. पाटील' या नावाखाली दुसऱ्याचे पेपर आपोआप येऊन बसतात, ही सगळ्यात त्रासदायक गोष्ट. आपल्या प्रोफाइलमध्ये आपोआप भर घालणं बंद करून, आधी ईमेलने विचारायचा पर्याय निवडावा. दुसऱ्याची यादी तपासायला डीबीएलपी ही संगणकशास्त्रातल्या पेपरांची ऑनलाइन सूची बरी: तिथे एकाच नावाच्या माणसांना ०००१, ०००२ असे क्रमांक देऊन वेगळं करतात. तिथे सायटेशनवरून क्रम लागत नाही, आणि ते बरंच आहे.

मानकांचा प्रभाव तर या आकड्यांत जवळजवळ दिसतच नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या ई-पासपोर्टच्या चिपवर डिजिटल सही असते. ती तपासणाऱ्या प्रत्येक विमानतळावर कुणाचं तरी संशोधन वापरलं जातं, सायटेशन मात्र वाढत नाही. कायबर हे किल्ली ठरवायचं तंत्र २०१७मध्ये ईप्रिंटवर आलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये एनआयएसटी या अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेचं फिप्स २०३ मानक झालं. असा मान शोधायचा तर मानकासाठी सादर झालेल्या प्रस्तावावर कुणाची नावं आहेत, तेच वाचावं लागतं.